चोविसावी आकृती

टेबलावर तेवीस लॅपटॉप होते. एकोणीस बटण दाबताच सुरू होत होते. तीन चार्जर लावलेला असेल तरच चालत होते. एकाचा पडदा फुटलेला होता, पण बाहेरून दुसरा पडदा जोडल्यावर आतलं सगळं शाबूत दिसलं. चार्जर एकवीस. प्रत्येक लॅपटॉपला वर उचलता येणारे दोन अँटेना असतात, मुलं त्यांना कान म्हणतात. शेहेचाळीस कानांपैकी दोन तुटलेले. फळ्याच्या कोपऱ्यात मात्र खडूने चोवीस लिहिलेलं होतं आणि ते पुसू नये म्हणून भोवती चौकोन काढला होता.

“चोविसावा झिपरूकडे आहे,” जामसिंग गुरुजी म्हणाले. मग त्यांनी डस्टर उचलून जागेवर ठेवलं. “म्हणजे त्याच्या घरी आहे.”

झिपरू पाचवीत होता. त्याला सिकलसेलचा रक्तविकार होता. जुलैत वारला. हे मला संस्थेच्या ऑफिसात आधीच सांगितलेलं होतं.

तोरणमाळच्या पठारावरून खाली उतरत गेलं की हा पाडा लागतो. मी रनाळ्याची. नंदुरबारला भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि गेलं दीड वर्ष एका लहान संस्थेत काम करते. मुलांच्या लॅपटॉपवर शिकण्यासाठीचा एक मुक्त डेस्कटॉप टाकणं, तो चालता ठेवणं आणि जमेल तसा सुधारणं हे माझं काम. मुक्त म्हणजे त्याच्या आतला सगळा कोड कोणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो. या खेपेला मला सहा दिवस मिळाले होते. सगळ्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती टाकायची होती. जुनीची साठवणीची जागा भरली की ती अडकायची. शिवाय नवीमध्ये पावरीत, म्हणजे इथल्या बोलीत, बोलणारी बटणं होती. त्यांचे आवाज गुरुजींनी उन्हाळ्यात मुलांकडून भरून घेऊन मला फोनवर पाठवले होते.

या डेस्कटॉपवर फाइली नाहीत, फोल्डर नाहीत. सुरू केला की पडद्याच्या मधोमध एक आकृती दिसते, गोल डोकं आणि खाली फुलीसारखं शरीर. ती म्हणजे ज्याचा लॅपटॉप आहे तो मुलगा किंवा ती मुलगी. तिला दोन रंग असतात, एक आतला आणि एक कडेचा, आणि ते पहिल्या दिवशी आपण निवडायचे असतात. मूल जे काही करतं ते आपोआप रोजनिशी नावाच्या जागेत साठतं. आणखी एक पडदा आहे, त्याचं नाव शेजार. लॅपटॉपमधल्या बिनतारी रेडिओच्या टप्प्यात जेवढे लॅपटॉप सुरू असतील तेवढ्यांच्या आकृत्या त्यावर नावासकट दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी मी रेडिओ तपासायला एक लॅपटॉप सुरू केला आणि शेजार उघडला. बाकीचे बावीस माझ्यासमोर टेबलावर बंद होते. पडदा रिकामा असायला हवा होता. सात चाळीसला त्यावर एक आकृती आली. हिरवी, कडा नारिंगी. नाव झिपरू. मी सिग्नलची ताकद पाहिली, उणे एक्क्याऐंशी डेसिबल. म्हणजे लांबून, पण मधे काही आड नसताना येणारा सिग्नल. मी तो लिहून ठेवला.

जागृती आली. ती सातवीत आहे आणि शाळेची किल्ली तिच्याकडे असते. तिने माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं.

“तो रोज येतो, ताई,” ती म्हणाली. “ऊन वर चढलं की जातो.”

एसटीची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं आणि झाडू घेतला. साडेआठच्या सुमाराला आकृती गेली.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी मला शाळेच्या ओट्यावरून समोरची टेकडी दाखवली. या पाड्यावर घराला घर लागून नाही. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात, आपापल्या उंचवट्यावर. समोरच्या उंचवट्यावरचं कौलारू घर झिपरूच्या वडिलांचं, रेवजीचं. फोनच्या नकाशावर सरळ रेषेत चारशे तीस मीटर भरत होतं. चालत जायचं तर नाल्यात उतरून पुन्हा चढायचं, त्याला अर्धा तास लागतो.

लॅपटॉप वाटले तेव्हा गुरुजींनी सगळ्या आईबापांना बोलावून नियम सांगितले होते. बॅटरी कधी शून्यावर जाऊ द्यायची नाही, मरते. रोज अंगणात ऊन आलं की सोलर पॅनेलला लावायची. लावताना झाकण उघडं ठेवायचं, नाहीतर मशीन तापतं. बऱ्याच घरांनी हे महिनाभर पाळलं आणि मग लॅपटॉप शाळेतच ठेवायला सुरुवात केली. रेवजी अजून पाळत होता. आणि या मशीनचं झाकण उघडलं की ते जागं होतं, कान वर असतील तर आपलं नाव सांगू लागतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

“तुम्ही का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“काय सांगू?” गुरुजी म्हणाले. “तुझा मुलगा रोज शाळेत येतो म्हणून?”

गुरुजी याच भागातले. झिपरूला त्यांनी पहिलीपासून शिकवलं होतं. हे बोलताना त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही.

अडचण अशी होती की नव्या आवृत्तीत लॅपटॉप एकमेकांना वेगळ्या पद्धतीने शोधतात. नव्याला जुना दिसत नाही. मी हे तेवीस नवे केले की झिपरूची आकृती शेजारवर येणं बंद होणार. तो चोविसावाही नवा केला तर त्यावरचं नाव जाणार, आणि नवं नाव घालायला मूल लागणार. मूल होतं. झिपरूची धाकटी बहीण रूपा जूनपासून तिसरीत आली होती. लॅपटॉप तिसरीपासून मिळतो. पाड्यावर त्या वर्गापासून पुढची चोवीस मुलं होती आणि लॅपटॉप नसलेली ती एकटी. ती जागृतीशेजारी बसायची. जागृती काम करत असताना ती पडद्याचा कोपरा दोन बोटांनी धरून ठेवायची, जणू तो पडणार होता. जागृती तिला दर थोड्या वेळाने हात काढायला सांगायची. ती काढायची आणि पुन्हा ठेवायची. रूपाने वडिलांकडे मागितलं नाही का, असं मी गुरुजींना विचारलं. मागितलं होतं, एकदा. रेवजी तिला म्हणाला होता की ते झिपरूचं आहे.

मी शनिवारी दुपारी निघणार होते. माझी पुढची फेरी मार्चमध्ये. जे करायचं ते त्याआधी ठरवायला हवं होतं.

दोन दिवस शाळा सुटल्यावर मी वर्गात बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुन्या पद्धतीची हाक ऐकायची आणि ती नव्या पद्धतीत पुढे पाठवायची, एवढंच त्याने करायचं होतं. एक लॅपटॉप मुद्दाम जुनाच ठेवला होता, त्याच्यावर तपासत होते. कामिनीकाकूंचा रनाळ्याहून फोन आला. “पोरी, डोंगरमा काय करी ऱ्हायनी तू?” त्यांनी अहिराणीत विचारलं. मी सांगितलं. “म्हंजे शिकीसन पोरेसनं खेळनं दुरुस्त करस,” त्या म्हणाल्या, आणि जेवले का ते विचारून फोन ठेवला.

गुरुवारी प्रोग्रॅम अर्धा चालला. नव्या लॅपटॉपच्या शेजारवर जुन्याची आकृती आली, पण राखाडी, आणि खाली नाव नाही. जुनी आवृत्ती नाव आणि रंग वेगळ्या पाकिटात पाठवते आणि ते पाकीट मला उघडता येईना. कोणीतरी आहे एवढं कळत होतं, कोण ते कळत नव्हतं. सकाळी सात चाळीसला हीच राखाडी आकृती लांबच्या सिग्नलवर उमटली. मी जागृतीला बोलावून दाखवली.

“हे कोण?” तिने विचारलं.

“झिपरू,” मी म्हणाले.

तिने नीट पाहिलं. “नाही,” ती म्हणाली आणि पाण्याची कळशी भरायला गेली.

त्याच दिवशी शाळा लवकर सोडून गुरुजी आणि मी रेवजीकडे गेलो. नाला ओलांडून चढ संपला तिथे त्याच्या मक्याच्या रानाचा बांध होता. मी पुढे निघाले तर गुरुजींनी मला हाताने थांबवलं. ते बांधावर उभे राहिले आणि त्यांनी घराकडे तोंड करून लांब हाक मारली. मग आम्ही वाट पाहिली. इथे असंच असतं, आतून साद आल्याशिवाय कोणाच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. काही वेळाने घरातून उत्तर आलं आणि आम्ही गेलो.

सुंदरबाई, झिपरूची आई, अंगणात उडीद झोडत होती. तिने मान हलवली आणि झोडत राहिली. रेवजीने आमच्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं. लॅपटॉप आतून आणून दाखवला. तो पत्र्याच्या पेटीत, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. टेबलावरच्या तेवीसपैकी एकही इतका स्वच्छ नव्हता. कळांच्या फटीतसुद्धा धूळ नव्हती. मी बॅटरी तपासली.

“बिघडलं काय?” रेवजीने मला मराठीत विचारलं.

“नाही, दादा. सगळ्यांत चांगली बॅटरी याचीच आहे.”

“मी शून्य होऊ देत नाही,” तो म्हणाला.

गुरुजी त्याच्याशी पावरीत बोलू लागले. मला अधूनमधून समजत होतं. आधी त्यांनी रूपाचं सांगितलं, मग नव्या आवृत्तीचं. रेवजी ऐकत होता. रूपा उंबऱ्यावर बसून लॅपटॉपकडे पाहत होती. मग गुरुजी थांबले, सोलर पॅनेलकडे पाहिलं, आणि त्यांनी शेजार या पडद्याचं सांगितलं. सकाळी तू हे उन्हात उघडून ठेवतोस तेव्हा ते शाळेत दिसतं.

उडदावरची काठी थांबली.

रेवजीने माझ्याकडे पाहिलं. “तू सांग. काय दिसतं?”

मी सांगितलं. हिरवी आकृती, कडेला नारिंगी रंग. वायर नसली तरी लॅपटॉप एकमेकांना हाक मारत असतात आणि मधे डोंगर नसला तर ती हाक शाळेपर्यंत पोचते.

“नाव?”

“नावही दिसतं.”

“रोज?”

“रोज,” गुरुजी म्हणाले.

सुंदरबाईने आम्हाला मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. आम्ही खाल्ली. काठी पुन्हा सुरू झाली. निघताना रेवजीने लॅपटॉप फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मला तेव्हा सुचलं की पत्र्याच्या पेटीतून सिग्नल अजिबात बाहेर जाणार नाही. दिवसातला तासभर सोडला तर हे मशीन कोणालाही ऐकू येत नव्हतं.

उतरताना गुरुजी म्हणाले, “मॅडम, तुमचा तो राखाडी माणूस दाखवायचा होता त्याला.”

“तुम्हाला पटला का तो?”

“मला आमच्या केंद्रप्रमुखांसारखा वाटला. येतो, कोण ते कळत नाही, जातो.”

मी हसले असावे.

शुक्रवारी सकाळी मी शाळेत पोचले तेव्हा रेवजी ओट्यावर बसलेला होता. एकटाच, हात रिकामे. लॅपटॉप त्याने रूपाकडे ठेवला होता. ऊन अंगणात आलं की लाव आणि मोहाच्या झाडाची सावली भिंतीवरून उतरली की बंद कर, असं तिला सांगून तो आला होता. त्याला इथून पाहायचं होतं.

बावीस लॅपटॉप नवे झाले होते, एक चाचणीसाठी जुना होता. मी तो जुना त्याच्यासमोर उघडला, शेजार पडदा लावला. तो जमिनीवर मांडी घालून बसला. गुरुजी दारात उभे राहिले. पडदा रिकामा होता. रेवजीने तो रिकामा पडदा बराच वेळ पाहिला, मला वाटतं त्याला तो बंद आहे असं वाटलं, कारण त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी थांबा म्हणाले.

हिरवी आकृती आली. रोजच्यापेक्षा दोन मिनिटं उशिरा.

त्याने बोट लावलं नाही. जागृती आली होती, तिला त्याने खाली काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तिने वाचलं, “झिपरू.” त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचलं. मग मुलं येऊ लागली, दप्तरं ठेवून बाहेर गेली, कोणी त्याच्याभोवती जमलं नाही. मी त्याला बाजूच्या नव्या लॅपटॉपवर तोच सिग्नल राखाडी होऊन आलेला दाखवला आणि नव्या आवृत्तीत मला सध्या इतकंच जमतंय, हे सांगितलं. नाव आणि रंग मार्चपर्यंत कदाचित जमतील, नक्की नाही.

त्याने राखाडीकडे थोडाच वेळ पाहिलं. “हा तर कोणी पण असेल,” तो म्हणाला.

तो परत हिरव्याकडे वळला आणि ती जाईपर्यंत तिथेच बसला. आकृती आधी फिकट होते, मग जाते. गेल्यावर पडदा पुन्हा रिकामा झाला.

“पोरीने बंद केलं,” रेवजी म्हणाला.

“हो.”

“आत आहे ते सगळं जाईल?”

मी सांगितलं की नाही. रोजनिशी आधी उतरवून घ्यायची आणि नंतर परत भरायची. चित्रं, गणितं, जे काही त्याने केलं असेल ते तसंच राहील. फक्त नाव आणि आकृती नवी होईल.

त्याने गुडघ्यावर हात टेकले आणि उठला.

“मग पोरीचं लाव.”

तो आला त्या वाटेने गेला. दुपारी रूपा लॅपटॉप घेऊन आली. सुंदरबाईने तो आपल्या जुन्या लुगड्यात बांधून दिला होता आणि गाठ इतकी घट्ट होती की ती गुरुजींना दातांनी सोडवावी लागली. मी रोजनिशी पेन ड्राइव्हवर घेतली. बहुतेक चित्रं होती, बरीचशी बैलांची, काही वजाबाक्या, आणि एक वाक्य, ‘आमच्याकडे दोन’ एवढंच लिहून अर्धवट सोडलेलं. मग पेन ड्राइव्ह बदलून नवी आवृत्ती टाकायला लावली. पडद्यावर रेघा सरकत राहिल्या. रूपा कोपरा दोन बोटांनी धरून होती. या वेळी जागृतीने तिला धरू दिलं.

नवा डेस्कटॉप सुरू झाला की आधी नाव विचारतो. रूपाने एका बोटाने लिहिलं. मग आकृती येते, आणि तिच्यावर दाबलं की दर वेळी रंगांची नवी जोडी येते. आवडेल तिथे थांबायचं. रूपा दाबू लागली. मुलं मागे जमली.

“लाल घे, लाल.”

“तो काळ्यावाला चांगला होता, गेला आता.”

रूपा दाबत राहिली. पंचवीस-तीस वेळा झालं असेल. हिरवी आली, कडा नारिंगी. गुरुजी खिडकीपाशी होते, ते वळले. रूपाने ती पाहिली, बोट तिथेच होतं, आणि तिने पुन्हा दाबलं. ती गेली.

“होळीपर्यंत संपेल का तुझं?” जागृती म्हणाली.

तीन-चार जोड्यांनंतर रूपा थांबली. मी रोजनिशी परत भरली, चित्रं उघडून पाहिली, कान वर करून रेडिओ तपासला. चाचणीसाठी ठेवलेला जुना लॅपटॉपही तेवढ्यात नवा करून टाकला. माझा प्रोग्रॅम मी संस्थेच्या सर्व्हरवर चढवला आणि त्यात काय चालतं आणि काय चालत नाही ते लिहून ठेवलं. शाळा सुटल्यावर रूपा लॅपटॉप लुगड्यात बांधून नाल्याकडे उतरली. नियम तिला माहीत होते, तरी गुरुजींनी ते एकदा पुन्हा सांगितले.

शनिवारी सकाळी मी बॅग भरून शाळेत आले. मुलं यायची होती. तेवीस लॅपटॉप टेबलावर होते. मी त्यातला एक सुरू केला, शेजार उघडला आणि बसले. सात चाळीसला एक आकृती आली. जांभळी, कडा पांढरी. नाव रूपा. सिग्नलची ताकद उणे एक्क्याऐंशी डेसिबल.